लंगडीला लंगडी माफ

महाडच्या एका शाळेतल्या सातवीतल्या मुलीवर अन्याय झाला. कधी झाला तेही सांगते, म्हणजे ‘असं काही घडलंच नाही’ म्हणायची सोय उरणार नाही. संयुक्त महाराष्ट्र मिळाला त्याच्या दुसऱ्या वर्षी, पौषातल्या शेवटच्या शनिवारी, सकाळच्या शाळेत, तिसऱ्या तासाला. मी तिथे होते. शिट्टी माझ्या गळ्यात होती, वाजवली दुसऱ्यानं.

शाळेचं नाव मुद्दाम घालत नाही. घातलं तर बाकीच्या शाळांना सुटल्यासारखं वाटेल.

मी पोलादपूरची. कॉलेजात असताना चळवळीची पत्रकं लिहिली, स्वतः खळ शिजवून भिंतींवर डकवली. बी.ए. झाले आणि शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातलं. वडील म्हणाले, “एवढं शिकून शेवटी उड्याच मारायच्या व्हय?” मारायच्या. पण कुणाला मारू देत नाहीत, तेही बघायचं होतं. म्हणून प्रबंधाला विषय घेतला, अपंग मुलांचं शारीरिक शिक्षण.

प्राध्यापकांनी चष्मा कपाळावर चढवला. “बाई, हा विषय डॉक्टरांचा. आपण धडधाकट माणसं घडवतो.”

“धडधाकट असतात त्यांना घडवायचं काय राहिलं, सर?”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. ग्रंथालयात लेझमीवर पुस्तक, मल्लखांबावर पुस्तक, नुसतं सावधान-विश्राम यावर चाळीसेक पानं. अपंगांवर एक ओळ सापडली: ‘अशा विद्यार्थ्यांस माफी द्यावी.’ संपलं. त्या एका ओळीवर मी पदवी घ्यायची होती.

सराव पाठांसाठी महाडची शाळा मागून घेतली. घराजवळ म्हणून. पहिल्या दिवशी सातवीची हजेरी घेत होते. हजर, हजर, हजर. एका नावाला उत्तर आलं, “माफ.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा नाव घेतलं.

“माफ, बाई.”

मैदानाच्या कडेला चिंचेखाली ती बसली होती. उजवा पाय पोलिओनं वाळलेला, शेजारी काठी, आणि पुढ्यात साऱ्या वर्गाच्या चपला. कवायत अनवाणी, तेव्हा चपला कुणीतरी राखायला हव्यात, नाहीतर कुत्री पळवतात. चौथीपासून हे काम तिचं. कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय, कोण बापाची चप्पल घालून आलीय, तिला सगळं पाठ.

मी तिच्याजवळ गेले. “माफी कसली? काय गुन्हा केलास तू?”

“गुना नाय केला बाई. पाय हाय तसा.”

आता माझी गोष्ट सांगते, ती लपवणार नाही. इतकं बोलून मी वळले, पायातल्या चपला काढल्या आणि तिच्याच पुढ्यात ठेवल्या. वर म्हणाले, “बघ हं जरा.” मी! अपंगांवर प्रबंध लिहिणारी! दहा पावलं गेल्यावर कळलं, आणि त्या दिवशी शिकवताना माझं एकाही आज्ञेवर लक्ष नव्हतं.

पोरीचं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटाखाली. महाडात आत्याकडे राहून शिकत होती. सातवीची फायनल व्हायची, ट्रेनिंग कॉलेजला जायचं, मास्तरीण व्हायचं, हे ठरलेलं. शेतात तिचा उपयोग नाही असं घरच्यांनी धरून ठेवलेलं, तेव्हा बसून करायचं काम म्हणून मास्तरकी. ती नाही झाली तर दुसरं काय? काही नाही. चुलीपुढं बसायचं, दुसऱ्याच्या घरच्या.

दुसऱ्या दिवशी मुली लंगडी खेळत होत्या. चौकोनात बाकीच्या पळतात, डाव असलेली एका पायावर उड्या मारत त्यांना शिवते, दुसरा पाय टेकला की ती बाद. आपल्याकडं कुठल्या अंगणात हा खेळ नाही? बघता बघता माझ्या डोक्यात काठी बसल्यासारखं झालं. सगळी शाळा तासभर मुद्दाम लंगडी होते, आणि जिला गाव लंगडी म्हणतं तिला लंगडी माफ!

“ऊठ,” मी म्हणाले.

“चपला कोन राखील?”

“कुत्री राखतील. ऊठ.”

काठी चिंचेला टेकवून ती चौकोनात आली. आणि काय सांगू! डावा पाय तिचा जन्मभर दोघांचं काम करत आलेला. डोंगरातल्या पायवाटा, आत्याच्या घरचा उंच उंबरा, सगळं त्याच पायावर. बाकीच्या पोरी पाच उड्यांत धापा टाकतात, ही विंचवासारखी कोपऱ्यात गाठून शिवायची. अर्धा वर्ग बाद झाला तशी एक लठ्ठ पोरगी कमरेवर हात ठेवून ओरडली, “ही अंचई हाय बाई! हिचा दुसरा पाय टेकतच नाय! ही तर घरीपन लंगडीच घालते!”

“मग तू पन घाल गो घरी!” ही चौकोनातून म्हणाली. “नको कोन म्हनतंय?”

सगळ्या खिदळल्या. ती सगळ्यांत मोठ्यानं. माफ असलेल्या मुलीवर कधी कुणी अंचईचा, लबाडीचा आळ घेत नाही. चार वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी कुणी खेळातलं भांडण भांडलं होतं. त्यानंतर रोज भांडणं झाली. मी हजेरीत तिच्या नावापुढं ‘हजर’ लिहू लागले.

मग तो शनिवार. माझा पाठ तपासायला आमचे प्राध्यापक आले, सोबत मुख्याध्यापक. ती डावावर होती. चार-पाच जणी बाद झाल्या होत्या. मुख्याध्यापक तरातरा आले, माझ्या गळ्यातली शिट्टी हातात घेतली आणि वाजवली. कुत्र्याला ओढावं तशी माझी मान ओढली गेली.

“पडली म्हणजे? जबाबदार कोण?”

“सर, बाकीच्या रोज पडतात. त्यांना कोण जबाबदार?”

“अहो बाई, दया म्हणून काही आहे की नाही तुमच्यापाशी?” आणि मग तिच्याकडं वळून, अगदी गोड आवाजात, “जा बाळ, तुझ्या जागेवर जा.”

तिची जागा म्हणजे चपला. ती एका पायावर उड्या मारत मैदान ओलांडून गेली. काठी तिथंच चिंचेला होती, आणायला कुणी गेलं नाही. मीही नाही. प्राध्यापकांनी वहीत काहीतरी टिपलं. हेच मुख्याध्यापक मार्चात चवदार तळ्यावर समतेवर बोलतात. मी ऐकलंय, टाळ्याही वाजवल्यात. वेगळं बसवणं म्हणजे काय, हे महाडात मी सांगायचं?

सोमवारी हजेरीपट पाहिला. माझं प्रत्येक ‘हजर’ तांबड्या शाईनं खोडून वर ‘माफ’. फायनल ती चांगली पास झाली. दाखल्यावर शेरा आला: शारीरिक शिक्षण, माफ. ट्रेनिंग कॉलेजनं अर्ज परत पाठवला. प्राथमिक शिक्षकाला कवायत घ्यावी लागते, सबब जिला कवायत माफ ती अपात्र. म्हणजे आधी दया करून खेळू द्यायचं नाही, आणि मग खेळली नाही म्हणून पोटावर मारायचं. ही माफी की शिक्षा?

मी मुख्याध्यापकांकडं गेले. ते म्हणाले, “पालकांनी अर्ज करावा, माफी रद्द होण्याबद्दल. विचार करू.” बापानं अंगठा उठवला. खरं तर माफीचा अर्ज कुणी कुणाकडं करायला हवा होता? तो अर्ज अजून त्यांच्या टेबलावर आहे. पोरगी गावी आहे. मागच्या आठवड्यात भेटली, म्हणाली, “बाई, लंगडीला गडी नाय हितं. सगळ्या कामावर जातात.”

माझ्या प्रबंधावर शेरा आलाय, ‘भाषा प्रक्षोभक’. असू दे. तुम्ही वाचताय ना? मग नुसतं हळहळू नका, तिच्या वाट्याला हळहळ पुष्कळ आली. उद्या कवायतीच्या तासाला तुमच्या गावच्या शाळेत जा. चपलांपाशी कोण बसलंय ते बघा. त्याला उठवा, चौकोनात घाला. मग हजेरीपट मागा, आणि ‘माफ’ खोडून ‘हजर’ लिहीपर्यंत मुख्याध्यापकांच्या टेबलासमोरून हलू नका.