कात्रीकाकांनी गाळलेला परिच्छेद

कात्रीकाकांनी सख्ख्या मुलीच्या लग्नपत्रिकेतल्याही दोन ओळी उडवल्या होत्या. सिकंदराबादच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त झाल्यावर ते आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकाचे संपादक झाले. टायपिंग माझ्याकडे. कुकटपल्लीहून मी रविवारी त्यांच्याकडे जाई, तेव्हा लाल पेन घेऊन ते वाटच पाहत असत.

“लिहिणाऱ्याला सगळंच आठवतं. वाचणाऱ्याला त्याचा त्रास कशाला?” असं ते म्हणत. नातलगांची नावं दिसली की हमखास कापत. लोक चिडायचे, पण छापून आल्यावर लेख सुटसुटीत झाला हे कबूलही करायचे.

एका वर्षी शिंदेबाई या निवृत्त शिक्षिकेनं लग्न होऊन नांदेडकडून हैदराबादला आल्याच्या आठवणी लिहून दिल्या. लेख फार लांबला होता. काकांनी तो निम्म्यावर आणला, मी तेवढाच टाइप केला आणि हस्तलिखित रद्दीत गेलं.

अंक निघाल्यावर बाईंचा फोन आला. गाळलेला एक परिच्छेद त्यांच्या नणंदेवर, गोदाबाईंवर होता. स्वतः शाळेचं तोंड न पाहिलेल्या या नणंदेनं घर सांभाळून भावजयीला शिकवलं होतं. अंक घरी आला तशा त्या ठेवणीतलं लुगडं नेसून ऐकायला बसल्या. बाई वाचत गेल्या. लेख संपला तरी गोदाबाईंचं नाव आलं नाही, आणि ऐन वेळी मनानं काही जोडून वाचायचंही बाईंना सुचलं नाही.

काका लगेच मला घेऊन गौलीगुड्याला त्यांच्या घरी गेले. तिथं उलट गोदाबाईच त्यांची समजूत काढू लागल्या. “जागा कम पडली असंल. तुम्ही नका परेशान होऊ.”

काकांना मान वर करवेना. “जागा होती,” ते म्हणाले. “मीच काढलं.”

मग त्यांनी माझ्याकडून कागद मागून घेतला आणि गोदाबाईंनाच सगळं सांगायची विनंती केली. त्या सांगत गेल्या, काका लिहीत गेले. मध्येच त्या बाजारातल्या एका भांडणात शिरल्या, तेही त्यांनी लिहून घेतलं.

पुढच्या अंकात काकांनी आपलं संपादकीय काढून तो मजकूर पुरा छापला, आणि गोदाबाईंना स्वतः वाचून दाखवायला घेतला.

“लई लांबलं की हो,” त्या संकोचून म्हणाल्या. “कोण वाचंल एवढं?”

काकांनी डोळे पुसून उरलेलं वाचून पुरं केलं.

त्यानंतर त्यांनी संपादकपद सोडलं. मी पुष्कळ विनवलं. शेवटी म्हणाले, “आता माझ्यानं काही गाळवत नाही रे.”