भानुदासला सुचलेलं

वहिनींचा फोन आला तेव्हा मी त्यांच्या नवऱ्यावर, भानुदासवर, चिडूनच बसलो होतो. पेटंट कार्यालयातली सुनावणी तोंडावर आलेली आणि हा पठ्ठ्या फोन उचलत नव्हता. "भाऊजी, हे गेले..." एवढंच त्या बोलल्या.

काष्टीत त्याचा फोटो स्टुडिओ. आमच्याकडे माणूस गेलं की दहाव्याला फोटो लागतो, अन् घरचे आणतात लग्नातला गर्दीचा फोटो. त्यात निम्मा चेहरा कुणाच्या तरी फेट्याआड. बाकीचे स्टुडिओवाले दिसणारी बाजू उलटून चिकटवतात. भानुदासनं कॉम्प्युटरवर वेगळीच रीत बसवली: झाकलेला भाग भावाच्या, लेकीच्या, भाच्याच्या फोटोंवरून भरायचा, ज्याचं जे वळण जुळेल ते. "मानूस आपल्या मानसांत उरतोच की रं," म्हणायचा. पेटंटचा अर्ज मी लिहिला. माझा धंदाच तो. आक्षेप आला: या कामातल्या कुणाही जाणकाराला हे सहज सुचेल, मग पेटंट कसलं? खात्री मलाही नव्हती. एकदा ऐकलं की वाटतंच ना, त्यात काय एवढं!

भानुदासनं काय करावं? मला न विचारता मोटारसायकल काढली अन् श्रीगोंदा, कर्जत, दिसेल त्या स्टुडिओत आपली रीत सांगून विचारत फिरला, "तुला सुचलं असतं का?" आता आपल्याकडे चारचौघांत "न्हाई" कोण म्हणतंय? कर्जतच्या बबननं तर त्याचं रीत सांगणंही पुरं होऊ दिलं नाही. "व्हय व्हय, लई वर्सं झाली, आमी तसंच करतो!" अन् हे सगळं हा भोळा मला सांगतो. "अरे गाढवा, आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतलास!" मी ओरडलो. तो हसला नाही. "मंग माझं काईच न्हाई का त्यात?" ...त्याच्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं. सुनावणी आता वहिनींच्या नावानं व्हायची आहे, अन् मला झोप नाही.

दहाव्याच्या आदल्या दुपारी आम्ही स्टुडिओत जमलो. आधारकार्डावरचा फोटो वहिनींना नको होता, आणि बाकी प्रत्येक फोटोत त्याच्या डोळ्याला कॅमेरा. बबन आपणहून मदतीला आला होता. त्यानं दिसणारी बाजू उलटून चिकटवली. "हे आमचे पप्पा न्हाईत," थोरली लेक म्हणाली. त्यानं पुन्हा केलं. पुन्हा तेच. ती त्याच्या खांद्याशीच उभी होती, भानुदासचेच डोळे घेऊन, रडून सुजलेले.

बबननं माऊस सोडला. मग हळूच म्हणाला, "वहिनी, दादा हे कसं करायचे हो?"