मेस्त्रींचा अष्टकोन मिटेना

धामापूरच्या शिवा मेस्त्रीला साठाव्या वर्षी प्रेम झालं, आणि तेही कुडाळच्या एका दुकानात मांडून ठेवलेल्या मायटर सॉवर. मायटर सॉ म्हणजे लाकडाला हवा तसा तिरका काप देणारी विजेची करवत. चाळीस वर्षं हातकरवत ओढून ज्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा वर गेला होता, त्या माणसासमोर दुकानदाराने गोल पातं खाली आणलं आणि फणसाची पट्टी एका दमात कापून दाखवली. शिवाने तोंडाचा आ केला तो मिटेचना. "परत एकदा दाखवा बघू," तो म्हणाला. दुकानदाराने सात वेळा दाखवलं.

घरी आनंदीबाईंनी, म्हणजे शिवाच्या बायकोने, विकत आणलेल्या मशीनचं खोकं उंबऱ्याबाहेरच अडवलं. त्यांच्या डोळ्यांपुढे ओळखीचे सगळे सुतार उभे राहिले होते. कुणाचं अर्धं बोट गेलेलं, कुणाची दोन. आपल्या नवऱ्याची दहाच्या दहा शाबूत आहेत, याचा त्यांना मंगळसूत्राइतका अभिमान.

"मशीन घरात हाडल्यात ता हाडल्यात," त्या म्हणाल्या. "पन आयका. ज्या दिवशी माका येडेपणा दिसलो, त्या दिवशी मशीन घराभायर! मगे तोंड वाकडा करून बसू नकात."

शिवाने देवाची, बायकोची आणि हौसेच्या भरात शेजाऱ्याच्या म्हशीचीही शपथ घेतली. आणि गंमत म्हणजे, ती पाळलीदेखील. मशीनसोबत आलेलं पुस्तक त्याने ओळीवर बोट ठेवून तीनदा वाचलं. डोळ्यांवर चष्मा, खांद्यावरचा टॉवेल खुंटीला, बाह्या कोपराच्या वर. हात पात्यापासून वीतभर लांब. पातं पूर्ण वेग धरेपर्यंत लाकडाला टेकवायचं नाही, आणि काप झाल्यावर थांबेपर्यंत उचलायचं नाही. पात्याला हात लावायचा तर आधी प्लग काढायचा. फणसाचा चीक दातांत बसला की रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन तो एकेक दात असा घासायचा, की आनंदीबाई म्हणायच्या, "स्वतःचे घासले असते तर आज कवळी लागली नसती."

रोज संध्याकाळी त्या दोन्ही हात पुढे करायला लावायच्या आणि बोटं मोजायच्या. शिवाला गुदगुल्या व्हायच्या.

मग खंडेनवमी आली. हत्यारांची पूजा. करवती, रंधे, पटाशी सगळे ओळीने मांडले आणि मधोमध नवी नवरी. शिवाने झेंडूची माळ घातली आणि हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या मशीन आज तुज्या पायाशी इला आसा. तेची आनि माजी, दोगांचीव राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आनंदीबाई म्हणाल्या.

आता नारळ. नवीन गाडीच्या पुढ्यात फोडतात, तर मशीनचा नारळ मशीनवरच फुटायला नको का? लाकूड टेकवून धरायची मागची लोखंडी पट्टी समोरच होती. नारळही असा हट्टी निघाला की तिच्यावर तीन दणके द्यावे लागले. पाणी उडालं ते मोटारीत गेलं असेल या काळजीने शिवाचा जीव कासावीस झाला. प्लग काढलेलाच होता. त्याने चिंध्यांनी पुसलं, उन्हात वाळवलं, कान लावून ऐकलं. मशीन ठणठणीत! शिवाने उरलेला नारळ गुळाशी खाल्ला.

दुसऱ्याच दिवशी त्याचा शाळेपासूनचा मित्र फॉस्टिन आला. त्याच्या मुलीचं, ब्रेंडाचं, लग्न होतं.

"शिवा रे, चेडवाक आठ कोनांची फ्रेम व्हयी. मानसाच्या उंचीची. तिका फुलां लावतले नि दोगां तेच्यात उबी ऱ्हवतली. जमात मां?"

"जमात?" शिवा छाती काढून म्हणाला. "डोळे मिटून जमात!"

आठ पट्ट्या, दोन्ही टोकं साडेबावीस अंशांवर तिरकी, म्हणजे सोळा काप. मशीनवर त्या आकड्याला खाचच होती. शिवा शीळ घालत कापत सुटला. संध्याकाळपर्यंत सगळ्या पट्ट्या अंगणात मांडल्या. पहिला कोपरा जुळला, दुसरा जुळला, सातवा जुळला. आठवा मात्र आ वासून बसला. बोटभर फट! त्याने फ्रेम दाबली, दोरीने आवळली, गोड बोलला, शिव्या घातल्या. फट तिथेच.

लग्न चार दिवसांवर. दुसऱ्या दिवशी दुपारी शिवाच्या डोक्यात आलं, एक इवलीशी पाचर ठोकली तर कुणाच्या बापाला कळतंय? त्याने दोन इंचांचा तुकडा घेतला. खूण दिसेना, म्हणून पात्यावरचं झाकण अंगठ्याने वर सारलं. तुकडा चिमटीत धरला आणि खटका दाबला.

पातं गरगरलं आणि लाइट गेली.

घूंऽऽ करत पातं थांबलं. शिवाने पाहिलं. दात आणि त्याचं बोट यांच्यात वालाच्या दाण्याएवढं अंतर होतं. त्याने प्लग उपटला, खाली बसला आणि त्याला हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तरी हसू थांबत नव्हतं.

कुणी पाहिलं नव्हतं. गप्प बसला असता तर मशीन घरात राहिलं असतं. पण इतकी मोठी गोष्ट बायकोला न सांगता पोटात ठेवायची त्याला सवयच नव्हती. तो तसाच स्वयंपाकघरात गेला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला.

आनंदीबाई माशांना मीठ लावत होत्या. त्यांचा हात थांबला.

"फट कित्याक पडली?" त्यांनी विचारलं.

"काय म्हायत. आदी सरळच कापी होता."

"आदी म्हंजे नारळाच्या आदी?"

शिवा उडालाच. मशीन ठेवलेल्या खोपीत धावत जाऊन त्याने काटकोन तपासायचा गुण्या त्या लोखंडी पट्टीला आणि पात्याला लावला. मधून उजेडाची बारीक रेघ दिसली. तीन दणक्यांनी पट्टी केसभर सरकली होती, आणि केसभराचे सोळा काप मिळून बोटभर झाले होते. देवाला साकडं घालताना त्याने देवाच्या कामातच खो घातला होता!

त्याने बोल्ट सैल केले, पट्टी गुण्याला टेकवून आवळली. लाइट आल्यावर एक फळी सरळ कापली, अर्धी उलटी केली, दोन्ही टोकं भिडवली. फट नाही. मग पट्ट्यांचे सोळाही काप नव्याने घेतले, झाकण जागेवर, हात वीतभर लांब. फ्रेम चार बोटं लहान झाली, पण आठवा कोपरा बसला तेव्हा शिवा अंगणात एकटाच फुगडी घालू लागला. फॉस्टिनने टेंपोतून फ्रेम नेताना त्याला उचलूनच घेतलं.

टेंपो वळला आणि शिवाचा चेहरा पडला. आनंदीबाई दारात उभ्या होत्या.

"येडेपणा झालो मां?"

"झालो."

"मशीनान केल्यान?"

"...नाय. मी."

"मगे भायर कोनी जावचा?" त्यांनी खोपीची किल्ली कमरेला खोचली. "मशीन ऱ्हवतला. तुमी आठ दिवस खोपीच्या भायर!"

शिवा पडवीत येऊन बसला. सुटलो, या आनंदाने त्याला पुन्हा हसू फुटलं. इतक्यात खोपीचं दार वाजलं. पडवीतूनच खोपीच्या खिडकीत पाहिलं तर आनंदीबाई टूथब्रश आणि रॉकेलची बाटली घेऊन आत शिरल्या होत्या. खारी हवा, आठ दिवसांत पातं गंजलं तर? त्यांनी पदर खोचला आणि हात पात्याकडे नेला.

शिवाचं हसू थांबलं. प्लग काढलेला दिसत होता, तरी त्याची नजर त्यांच्या बोटांवरून हलेना. महिनाभर ही बाई रोज स्वयंपाकघरात कशी बसत असेल, ते त्याला त्या घटकेला कळलं. तो उठला आणि खुर्ची उचलून खिडकीशी नेऊन बसला.