शेवटच्या पानावरून गाळलेलं नाव

छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या तिला सगळे टाचणी म्हणायचे. चूक दिसली की ती टोचल्याशिवाय राहायची नाही.

तिचा थोरला भाऊ शाळेत भूगोल शिकवायचा आणि फावल्या वेळात, टेबलाभोवती बसून फासे टाकत रंगवायच्या गोष्टींच्या खेळांसाठी राक्षस रचायचा. ते त्यानं एका पुस्तकात छापून मुक्त परवान्यावर दिले होते: कुणीही घ्या, बदला, विका, फक्त शेवटच्या पानावर मूळ कर्त्याचं नाव छापा. तो गेला, आणि वर्षभरात एका प्रकाशकाचा जाडजूड ग्रंथ बाजारात आला. त्यात भावाचे एकोणीस राक्षस होते. नाव कुठेच नव्हतं.

तिनं फोन लावला.

"अहो बाई, ते सगळ्यांचंच असतं," प्रकाशक हसला. "शेवटचं पान वाचतं कोण?"

"मी वाचते."

त्या हसण्यानं तिच्या डोक्यात तिडीक गेली. सहा महिने दर रविवारी ती जुनी पुस्तकं पसरून बसायची. कुठला राक्षस कुठून आला, कुणी काय बदललं, सगळं लिहून काढायची. भावाच्या पुस्तकात 'दलदलीत राहतो'चं चुकून 'दलपतीत राहतो' झालं होतं. ग्रंथातही तो राक्षस दलपतीतच राहत होता!

पण त्या एकोणिसांतला एक राक्षस मुळात भावाचाही नव्हता. तो एका परिचारिकेनं जुन्या मासिकात लिहिलेला होता, आणि भाऊ तिचं नाव द्यायला विसरला होता.

"राहू दे ना तेवढं," वहिनी म्हणाली.

"मग त्या माणसात नि आपल्यात फरक काय?"

तिनं भावाच्या पुस्तकात परिचारिकेचं नाव घातलं आणि तिला माफीचं पत्र पाठवलं, त्यात प्रकाशकाची हकिगतही कळवली. उलटटपाली उत्तर आलं: "तक्रारीत माझंही नाव घाला."

परवान्यात एक कलम होतं. लेखी कळवल्यापासून तीस दिवसांत चूक सुधारली नाही, तर वापराचा हक्क संपतो. तिनं प्रकाशकाला चूक कळवणारं, मुद्दामच अगदी मवाळ, कंटाळवाणं पत्र लिहिलं. त्यानं ते बाजूला टाकावं, एवढीच तिची इच्छा. त्यानं टाकलं. एकतिसाव्या दिवशी सकाळी, हक्क संपल्याच्या सूचनेसह, तिची यादी सगळ्या दुकानदारांकडे पोचली आणि ग्रंथाचे गठ्ठे परत फिरले.

प्रकाशक धावत छापखान्यात आला. "पुढच्या आवृत्तीत पहिल्या पानावर नाव घालतो."

"हक्क संपलाय तुमचा."

"तुमच्या भावाला आवडलं असतं का हे?"

"नसतं आवडलं. मला आवडतंय."

ग्रंथ पुन्हा निघाला तो राक्षसांविना, निम्म्या जाडीचा.

"झालं समाधान?" वहिनीनं विचारलं.

"अजून नाही," ती म्हणाली आणि त्याच प्रकाशकाचं दुसरं पुस्तक शेवटच्या पानापासून उघडलं.