सिस्टरच्या मिस्टरांची उपकारस्तुती

माझे शिक्षण धारच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हातून वाटेल तिथे पडतात, आणि अक्षर असे आहे की पूर्वी आईला पत्र टाकले की ती पुढच्या भेटीत विचारायची, "काय लिहिलं होतंस ते सांग आता." तेव्हा चुकून कोणाच्या हाती हे कागद पडलेच तर सांभाळून घ्यावे. न वाचता ठेवून दिले तर फारच उपकार होतील.

पण एवढे मात्र मी कोणापुढेही ठामपणे सांगेन, की नापास व्हावे तर आमच्या समोरच्या सिस्टरच्या मिस्टरांनी. साऱ्या देवासात त्यांच्याइतक्या थाटामाटात कोणी नापास झाले नसेल. लोकांचा धंदा बुडाला की लोक दार लावून बसतात. हे दार उघडत, अंगणात सतरंजी टाकत, पेटी काढत आणि गल्लीला चहाला बोलवत.

सिस्टर म्हणजे त्यांची बायको. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. टेकडीखालच्या आमच्या गल्लीतली निम्मी पोरे त्यांच्या हातची इंजेक्शने घेऊन मोठी झाली, म्हणून घराची ओळख त्यांच्यावरून. नवरा झाला सिस्टरचे मिस्टर. त्यांना याचा कमीपणा वाटत नसे. नवा पोस्टमन नाव विचारू लागला तर स्वतःच म्हणत, "सिस्टरचा मिस्टर. बस, पत्र बरोबर येतं." माणूस नगरकडचा, ख्रिस्ती, उंच, वाकलेला, आणि कोणीही समोर आले तरी आधी "सलाम" म्हणणारा. गल्लीतल्या गाईलासुद्धा सलाम करताना मी त्यांना पाहिले आहे. अर्थात ती वाटेत उभी होती.

ते देवासला आले कारखान्याच्या नोकरीसाठी, आमच्या ह्यांच्यासारखेच. दोघे एकाच खात्यात होते. आणीबाणीनंतर कारखान्यात काम वाढले आणि रविवारची पाळी सुरू झाली. मिस्टर साहेबाकडे गेले आणि म्हणाले, "रविवार माझा नाही साहेब, प्रभूचा आहे. दुसरा कोणताही वार मागा." साहेबाने दुसरा कोणताही वार मागितला नाही. नोकरीच काढून घेतली.

त्या संध्याकाळी आम्हाला निरोप आला, उपकारस्तुतीला या. त्यांच्यात घरात काही चांगले झाले, पोरगा पास झाला, दुखणेकरी उठला, की चार माणसे बोलावून भजने म्हणतात, देवाचे आभार मानतात आणि चहा-चिवडा देतात. त्याला उपकारस्तुती म्हणतात. आम्हाला वाटले, लगेच दुसरी नोकरी लागली. गेलो तर मिस्टर डोळे मिटून गेलेल्या नोकरीबद्दल आभार मानत होते. तेही घाईने नाही. नोकरी होती तेव्हा पगार मिळाला त्याबद्दल, साहेब रागावला पण हात उगारला नाही त्याबद्दल, कारखान्याचा भोंगा आता पहाटे उठवणार नाही त्याबद्दल. हे घरी येताना म्हणाले, "याचं डोकं फिरलंय. पण चिवडा बरा होता."

पुढे त्यांनी कोंबड्या पाळल्या. आमची गल्ली कोंबड्यांची नाही. समोरच्या घरातून पहाटे बांग आली की आमच्या सासूबाई जप दुप्पट मोठ्याने करायच्या, आणि मग कोंबडा आणखी जोर लावायचा. उन्हाळ्यात रोग आला आणि आठवड्यात खुराडे रिकामे झाले. उपकारस्तुती झाली. त्या दिवशी मात्र गल्लीनेही मनापासून आभार मानले. सासूबाई तर पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

मग मेणबत्त्या. देवासात वीज सारखी जायची, तेव्हा कल्पना वाईट नव्हती. पण माल तयार करून ठेवला पत्र्याच्या खोलीत, वैशाखात. विकायला काढल्या तेव्हा एकूण एक मेणबत्ती कमरेत वाकलेली. मिस्टरांनी त्या आम्हाला कौतुकाने दाखवल्या. "बघा वहिनी, यांनी माझ्याआधी गुडघे टेकले." पुढे कित्येक महिने वीज गेली की साऱ्या गल्लीत वाकड्या मेणबत्त्या जळत. फुकट वाटल्या होत्या ना.

एकदा चहाचे कप विसळता विसळता सिस्टर म्हणाल्या, "अहो, देवाला एकदा सांगून बघा की यश दे म्हणून. त्याच्याबद्दलसुद्धा चहा पाजू आपण, नाही कोण म्हणतंय." त्यांचा पगारच या सगळ्या चहांना दूध-साखर पुरवत होता, तेव्हा त्यांना बोलायचा हक्क होता.

मिस्टर गंभीरपणे म्हणाले, "यश आलं की माणूस स्वतःचंच कौतुक करण्यात गुंततो, देव लागत नाही. आणि बुडालं की जो तो देवालाच बोल लावतो. अशा वेळी त्याला एकटं टाकायचं? चार माणसांनी त्याच्याकडे जाऊन बसायला नको?"

म्हणजे आम्ही सगळे आतापर्यंत देवाचे सांत्वन करायला जात होतो. मला हे तेव्हाच कळले.

आता माझे सांगते. मी साड्यांना फॉल लावायचे काम करीत असे, हाताने. शिवणाचे मशीन घ्यायचे म्हणून पै-पै करून सहाशे रुपये साठवले होते. मशीन आले असते तर ब्लाऊज शिवले असते, फ्रॉक शिवले असते. रात्री डोळे मिटले की मला पायडलचा आवाज ऐकू येई. त्याच वेळी मिस्टरांनी भट्टी घालायचे काढले. दिवाळीत बायका मैदा, साखर, तूप घरचे घेऊन भट्टीवर जातात आणि नानकटाई भाजून आणतात, तेव्हा बसस्टँडच्या भट्टीवर ही गर्दी असे. गल्लीत भट्टी झाली तर कोण तिकडे जाईल, असे त्यांचे म्हणणे. विटांना पैसे कमी पडत होते, ते त्यांनी आमच्याकडे उसने मागितले. हे मला म्हणाले, "पैसे तुझे आहेत, तू ठरव." मी आयुष्यात काही ठरवलेले नव्हते. घाबरून हो म्हणून टाकले, सहाशेच्या सहाशे.

भट्टी झाली आणि काम उत्तम झाले, हे मला सांगितलेच पाहिजे. दिवाळीच्या आधी घरोघरचे डबे आले. ज्याच्या त्याच्या तुपाची, ज्याच्या त्याच्या पत्र्यावर, कोणाचे कोणात मिसळले नाही. बायका हसत डबे घेऊन घरी गेल्या, आणि तासाभरात सगळ्या परत आल्या. प्रत्येक नानकटाईवर क्रूस होता.

वर सुरीने दोन चिरा दिल्या होत्या, एक उभी, एक आडवी. भट्टीवाले देतातच. पण आतापर्यंत त्या कोणाला दिसल्या नव्हत्या. शेजारच्या काकी पुढे होऊन म्हणाल्या, "मिस्टर, हे लक्ष्मीपुढे कसं ठेवायचं हो आम्ही? तुम्ही तर आमचा फराळच बाटवलात."

सिस्टर तेव्हाच ड्युटीवरून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "चीर दिली की नानकटाई नीट फुलते, काकी. बसस्टँडवरची बघा, तिच्यावरही हीच आहे."

"असेल. ती चीर आहे. हा क्रूस आहे."

मिस्टर वाद घालतील असे मला वाटले. त्यांनी सगळ्यांना सलाम केला आणि म्हणाले, "तुमच्या सणाला माझ्यामुळे विरजण नको. मैदा, साखर, तूप, ज्याचं जेवढं होतं तेवढं भरून देतो." आणि दिले. दुकानातून नवे तूप आणून घरोघर दिले. काकींना तर अस्सल लोणी-तूप मिळाले. त्यांनी भट्टीवर डालडा आणला होता हे फक्त मिस्टरांना ठाऊक होते, आणि ते मला फार पुढे सिस्टरांकडून कळले. माझ्या पैशांतले जे काही उरले होते ते त्या तुपात गेले. भट्टी थंड पडली.

मग अर्थातच उपकारस्तुतीचा निरोप आला. हे टोपी घालीत म्हणाले, "चला, आपल्या पैशांचं तेरावं जेवून येऊ."

माझे मशीन बुडाले त्याबद्दल देवाचे आभार मानायला मी सतरंजीवर बसले. पुढ्यात चिवड्याबरोबर परत आलेल्या नानकटाया होत्या. मी एक खाल्ली. इतकी सुरेख नानकटाई मी पुन्हा खाल्ली नाही, आणि त्यामुळे मला जास्तच रडू आले. मिस्टरांनी ते पाहिले. निघताना दारात म्हणाले, "वहिनी, तुमचे पैसे बुडाले नाहीत. उशिरा येणार आहेत, इतकंच."

हे ऐकून आमचे हे इतके हसले की वाटेत चप्पल निसटली.

पण मिस्टर धारला गेले. तिथल्या एका मुसलमान भट्टीवाल्याकडे नोकर म्हणून राहिले, वयाच्या पन्नाशीत, पिठाची पोती उचलायला. मालक शुक्रवारी दुपारी नमाजाला जाई तेव्हा भट्टी मिस्टर सांभाळत, रविवारी मिस्टर सुटी घेत तेव्हा मालक. जो रविवार कारखान्याला परवडला नाही तो तिथे जमला. शनिवारी संध्याकाळच्या बसने देवासला यायचे, सोमवारी पहाटे परत. येताना कधी माझ्या आईने दिलेले लोणचे आणायचे, कधी नुसता निरोप, "पोरीला सांगा, मी बरी आहे." आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपासनेहून आले की, दहाची एक नोट घेऊन आमच्या दारात.

नोट नुसती देत नसत. आधी प्रार्थना. मी डोक्यावर पदर घेऊन उभी, आत स्टोव्हवर दूध, आणि मिस्टर डोळे मिटून सावकाश. पहिल्या खेपेला मध्येच थांबले आणि एक डोळा उघडून म्हणाले, "वहिनी, तुमचं नाव काय? देवाला नुसतं वहिनी म्हणून कसं कळणार? गल्लीत वहिनी पुष्कळ आहेत."

लग्नात माझे नाव सुनंदा ठेवले होते. पण तेही कोणी घेत नसे. सासूबाई "सूनबाई" म्हणत, हे "अगं" म्हणत, बाकीच्यांना मी अमक्याची आई. मी इतकी गोंधळले की तोंडातून माहेरचे नाव निघून गेले. तेव्हापासून दर महिन्याला आमच्या दारात मोठ्याने प्रार्थना होई, "प्रभू, या द्वारकाबाईंवर दया कर. त्यांच्या हातांना बळ दे. त्यांच्या मशीनला सांभाळ." मशीन नव्हते, हे देवाच्या लक्षात आले असेल. दूध दर वेळी उतू जाई.

आतून ह्यांनी एकदा विचारले, "ही द्वारकाबाई कोण?"

"मी."

ह्यांनी बाहेर डोकावून मला पाहिले. मग म्हणाले, "बरं नाव आहे."

काही महिने नोट येत नसे. एकदा बसमधून पडून मिस्टरांचा हात मोडला, एकदा भट्टी पावसात खचली. त्या रविवारीही ते येत, रिकाम्या हाताने, आणि प्रार्थना मात्र पुरी करत. हे म्हणत, "व्याज देऊन जातो बघ."

दोन-तीन दिवाळ्या गेल्या तशी गल्लीत नवीच टूम निघाली. घरी कटकट कोण करतो, बसस्टँडवर धारची नानकटाई मिळते, तोंडात विरघळते. काकींनी मला चाखायला दिली. वर दोन चिरा. मी ओळखली. काकींनी त्याच नानकटाया ताटात घालून लक्ष्मीपुढे ठेवल्या. मी सिस्टरांना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "यांना माहीत आहे. मला म्हणाले, कोणाला बोलू नकोस, पुन्हा तूप भरून द्यावं लागेल."

मशीनची किंमत तोवर दुपटीजवळ गेली होती. आणि दहा-दहाच्या नोटा घरात टिकतात थोड्याच? एक वह्यांना गेली, एक औषधाला. मी हातानेच फॉल लावत राहिले. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी स्वच्छ साडी नेसून बसत असे. कोणी विचारले असते तर पैसे यायचे आहेत म्हणून, असे सांगितले असते.

मग सिस्टरांची धारला बदली झाली. त्यांनीच मागून घेतली होती. निघायच्या आधीच्या रविवारी मिस्टर घरोघर फिरले. उपकारस्तुतीला या.

गल्ली बुचकळ्यात पडली. आता कारखाना नाही, कोंबड्या नाहीत, भट्टी दुसऱ्याची. बुडायला उरले काय होते? दूधवाला सायकल टेकवून आपल्या माळवीत हळूच विचारता झाला, "भिया, अबके कईं डूब्यो?"

"डूब्यो नी," मिस्टर म्हणाले. "अबके तरी ग्यो." म्हणजे बुडाले नाही, या खेपेला तरून गेले.

ते कोणाला खरे वाटले नाही. सगळे पडेल चेहऱ्याने जमले. काकी मिस्टरांना म्हणाल्या, "धीर धरा, होईल सगळं ठीक." सिस्टरांना हसू आवरेना, त्यांनी तोंडाला पदर लावला.

भजने झाली. मिस्टर उभे राहिले. इतक्या वर्षांत वाकलेली पाठ आणखी वाकली होती. एरवी ते गेलेल्या गोष्टींची यादीच म्हणत. त्या दिवशी फार थोडे बोलले. म्हणाले, "प्रभू, द्वारकाबाईंनी कधी मागितले नाहीत. तू मात्र दर महिन्याला आठवण करून दिलीस. तुझे उपकार." साऱ्या गल्लीपुढे माझे नाव घेतले गेले. बायका इकडे-तिकडे बघू लागल्या की ही द्वारकाबाई कोण आली. ह्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती, आणि माझ्याकडे बोट दाखवत होते.

प्रार्थना संपली तेव्हा मिस्टर माझ्यापुढे आले. खिशातून घडी केलेली नोट काढली. पिठाचा वास येत होता तिला. मला फार वाटले, म्हणावे, एवढी एक राहू द्या बाकी. पुढच्या महिन्यात द्या, धारहून या आणि द्या. पण मी कधी कोणाला काही म्हटलेले नाही, आणि त्यांनी या दहा रुपयांची किती वर्षे वाट पाहिली होती हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

मी पदर सावरून हात पुढे केला. त्यांनी नोट ठेवली. सहाशे पुरे झाले.