खालची फळी

"खालची निघाली का?" असं ती विचारायची, आणि उत्तर येईपर्यंत हातातलं काम थांबवायची.

शेवटच्या दिवशीही विचारलं. आम्ही दोघं ओट्यावर सुकट निवडत बसलो होतो. पावसाळ्याची बेगमी. ती मुंडकी खुडत होती, मी काडीकचरा काढत होतो.

मी म्हणालो, "नाय निघाली. गावाने नको म्हटलंय."

"मग मी उद्या माहेरी जाऊन येते," ती म्हणाली. सुकट डब्यात भरली, झाकण दाबून बसवलं, हात धुतले. संध्याकाळी चुलीपुढे बसली ती तिथेच कलंडली. हरसूलहून जीप येईपर्यंत सगळं आटपलं होतं.

ही माझी बायको. नाव लिहीत नाही. ती असताना कधी तोंडाने घेतलं नाही, आता घेऊन काय करू? मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. जे झालं तेवढंच सांगतो.

तुमच्याकडे नदीवर बंधारा असेल तर तुम्हाला ठाऊक असेल. सिमेंटचे खांब, त्यांना खाचा, आणि खाचांत एकावर एक फळ्या. पावसाळा सरला की फळ्या टाकायच्या, पाणी अडवायचं. पाऊस यायच्या आधी काढायच्या. आमच्या गावात बंधारा झाला तो नव्वदच्या पुढे कधीतरी. फळ्यांचं काम गावाने माझ्याकडे दिलं, कारण मी उंच आहे. दुसरं कारण नाही.

आता वरच्या फळ्या सुटतात. खालच्या तीन गाळात रुततात, ओढता ओढता कंबर जाते. शिवाय त्या राहिल्या तर मागे डबकं राहतं आणि उन्हाळ्याच्या टोकाला गुरांना तेवढंच पाणी. म्हणून वरच्या काढायच्या, खालच्या राहू द्यायच्या, असा गावात पायंडा पडून गेला. कुणाचं काही बिघडत नव्हतं. म्हणजे आमच्या गावात कुणाचं बिघडत नव्हतं.

तिचं माहेर त्याच नदीवर, वरच्या अंगाला. तिथे मोठा डोह आहे. पहिल्या पुराला खालून खडस मासा चढायचा, पार गुजराथच्या बाजूच्या मोठ्या पाण्यातून. मोठ्या खवल्यांचा, तांबूस परांचा. डोहाच्या वरच्या गोट्यांत अंडी घालायचा. पाऊस उघडला की तिचा भाऊ एक मोठा मासा पळसाच्या पानांत बांधून आमच्याकडे घेऊन यायचा. लग्न झाल्यापासून कधी चुकला नाही.

बंधारा झाला आणि पुढच्या वर्षी भाऊ रिकाम्या हाताने आला.

"दाजी, मासा नाय."

"नाय तर नाय. चहा घे."

त्याच्या पुढच्या वर्षी तो आलाच नाही. रिकाम्या हाताने यायला लाजला असेल. ही दारात उभी राहून वाटेकडे बघायची आणि मला म्हणायची, "तुमच्या गावाने खाल्ला." आमच्या गावातले म्हणायचे, "वरच्यांनी डोहात ब्लीचिंग टाकून मारला." दोन्ही गावांत सोयरीक एवढी की भांडण झालं की ते थेट चुलीपर्यंत यायचं.

माहेरच्या लोकांना वाटलं, डोहातल्या साती आसरा कोपल्या. त्यांनी कोंबडं कापलं. पुढच्या वर्षी दोन कापली. ही गेली होती तेव्हा. रस्सा जेवली, हात पुसले आणि म्हणाली, "आसरा कोपल्या नाय. त्या आमच्या फळीला आडल्यात. कोंबडं तिथं आणून कापा, निदान आम्हाला तरी मिळेल."

मग दोन्ही गावांनी मिळून एक शहाणपणा केला. अर्ज करून मत्स्यबीज मागवलं. पिशव्यांतून बारीक पिल्लं आली. नारळ फोडून, हार घालून डोहात सोडली. मी पण टाळ्या वाजवल्या. मासा गेला, मासा आणला, हिशेब मिटला असं वाटलं. ती पिल्लं भराभर वाढली, काळी, काटेरी, आणि डोहातली बाकीची बारकी मासळी आणि अंडी साफ करून टाकली. चवीला चिखल.

ही डोहाच्या काठावरून बघून आली. "पाहुणे जेवतायत," म्हणाली, "घरची माणसं फळीच्या खाली उभी हायेत."

त्या उन्हाळ्यात तिने दोन्ही गावांना बंधाऱ्यावर बोलावलं. मला विचारलं नाही. सगळे आले, कारण नाही आलं तर ती घरी यायची. आमचा सरपंच तेव्हा नवा होता. तो म्हणाला, "काकू, तुम्ही माहेरची बाजू घेताय."

"मग कुणाची घेऊ? तू कधी माझ्या घरी मासा पाठवलास?"

लोक हसले. सरपंचही हसला, पण म्हणाला, "खालच्या फळ्या काढल्या तर गुरं पाणी कुठं पितील?"

ती भावाकडे बघत राहिली. भाऊ नदीच्या वाळूकडे बघत होता. मग तो म्हणाला, "झिरा खोदू. आम्ही येऊन खोदून देतो. वाळूत खड्डा केला की पाणी लागतंच."

असं ठरलं. आम्ही तिन्ही खालच्या फळ्या काढायच्या. वरच्या गावाने येऊन आमच्या गुरांसाठी झिरा खोदायचा. चढणीच्या दिवसांत कुणीच मासा धरायचा नाही, आणि डोहात जिलेटिन, ब्लीचिंग काही टाकायचं नाही. कागद केला नाही. तिने सगळ्यांना गुळाचा चहा पाजला. तेच सह्या म्हणून धरलं.

तेवढ्याने तिचं भागलं नाही. हरसूलच्या बाजारात खालच्या गावांच्या बाया मासे विकायला बसतात, काही गुजराथच्या हद्दीतून येतात. ही रांगेतून चालायची आणि एकेका माशाचं पोट दाबून बघायची. "ह्यात अंडी हायेत. ही टोपली पुढच्या वर्षी रिकामी राहील तेव्हा माझ्या नावाने बोंबलू नको." एक बाई चिडली, "घ्यायचा नाय तर हात कशाला लावते?" ही तिच्या शेजारीच बसली आणि दिवसभर बसून राहिली. येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगायची, "थांब, चांगला मासा दिवाळीला येईल." पुढे त्या बाईने चढणीच्या दिवसांत मासा आणायचा सोडला, सुकट विकायला लागली. बाकीच्याही हळूहळू लागल्या. आमच्या घरची सुकट तिच्याकडूनच.

मी दरवर्षी फळ्या काढून घरी आलो की चिखलाने भरलेलो असायचो. पाणी विचारायच्या आधी ती विचारायची, "खालची निघाली का?" निघाली म्हटलं तर पाणी मिळायचं. एकदा दोनच निघाल्या, तिसरी अडकली, तर म्हणाली, "मग अंघोळ कशाला करता, परत जायचंय." मी परत गेलो. तीही आली, लुगडं खोचून पाण्यात उतरली आणि दोरी ओढायला लागली. पोहता येत नव्हतं. मी म्हणालो, "वाहून जाशील." ती म्हणाली, "खालच्या अंगाला तुमचंच गाव हाय. धरतील."

खडस परत दिसायला चारपाच पावसाळे गेले. एका सकाळी पुराचं पाणी थोडं निवळलं होतं. आम्ही बंधाऱ्यावर उभे होतो. खांबांच्या मधून एक मोठी पाठ वर गेली, मग आणखी एक. मी ओरडलो. ती म्हणाली, "भाकऱ्या राहिल्यात," आणि घरी निघाली. वाटेत दोनदा पदराने तोंड पुसलं. पाऊस नव्हता.

त्या वर्षी पाऊस उघडल्यावर भाऊ आला, पळसाच्या पानांत मासा घेऊन.

एक गोष्ट सांगून टाकतो. तिला मासा आवडायचा नाही. काटे निवडायचा कंटाळा. भाऊ आणायचा तो मी खायचो, शेजारी खायचे. ती रस्सा भाताला लावून बाजूला व्हायची. मी विचारलं होतं, "मग एवढी मरते कशाला त्याच्यासाठी?"

"माहेरातून काही यायला नको का?" म्हणाली.

हे ठरलेलं मोडलं ते यंदा. आमच्या गावातल्या दोघांनी वरच्या डोहात जिलेटिन उडवलं. वरच्या गावाने निरोप पाठवला, झिरा खोदायला येणार नाही. आमचं गाव म्हणालं, मग खालच्या फळ्या निघणार नाहीत. उन्हाळा कडक होता, विहिरी आटलेल्या. पाऊस आठ दिवसांवर असेल नसेल. एकदा पूर आला की फळ्यांना हात लावता येत नाही, आणि मासा खाली आपटून आपटून थकतो. ती म्हणाली, उद्या जाऊन येते. पुढचं सांगितलंय.

तिच्या माहेरचं गाव मातीला आलं. सगळं आलं. नदीकाठीच सरण रचलं. आमचे एका बाजूला, ते दुसऱ्या बाजूला. लाकडं मात्र दोघांनीही आणली होती, जास्तच झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आकडा आणि दोरी घेतली आणि बंधाऱ्यावर गेलो. बसून तरी काय करणार होतो. पाण्यात उतरून पहिलीला आकडा लावला. सरपंच धावत आला.

"काका, सुतकात हाय तुम्ही. आन् गावाने ठरवलंय ना?"

"काल तिला वर जायचं होतं, भावाशी बोलायला. ती काय आता जायची नाय. भाऊच खाली आलाय. बोल त्याच्याशी."

भाऊ काठावर उभा होता. रात्री गेलाच नव्हता, पाहुण्यांबरोबर पडवीत झोपला होता. तो माझ्या घरातून कुदळ घेऊन आला आणि वाळूत खोदायला लागला. त्याच्यामागे त्याच्या गावचे राहिलेले तिघंचौघं उतरले. मग सरपंचाने चपला काढल्या आणि माझ्या दोरीचं दुसरं टोक धरलं.

पहिली निघाली. दुसरी निघाली. तिसरीला वेळ लागला. सरपंच म्हणाला, "राहू दे काका, एकच तर हाय." मी आकडा परत लावला. त्याने परत दोरी धरली. ती निघाली तेव्हा आम्ही दोघंही मागे पडलो.

डबकं वाहून गेलं. तिकडे झिऱ्याला पाणी लागलं होतं, थोडं, तांबडं. गुरं काठावर येऊन थांबली होती. सरपंच वाकून बघून म्हणाला, "लय गढूळ हाय."

"गाळ बसंल," भाऊ म्हणाला.

मग आम्ही तिघं वाळूत बसलो आणि तो बसायची वाट बघितली.