बॅटरी कोणती?

आता माझ्या हुशारीचं काय वर्णन करू! ऐका, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. ठसका लागेल.

दुष्काळाचं वर्ष. आमच्या गारखेड्यात इमारती भराभर उगवत होत्या आणि नळाला पाणी मात्र आठवड्यातून एकदा. अशात माझ्या नऊ वर्षांच्या ओवीच्या रिमोटवरच्या रेसच्या गाडीला झटके यायला लागले. दहा पावलं धावायची, थरथरायची, थांबायची! रविवारी मैदानात पोरांची शर्यत होती आणि ओवी पहिल्यांदाच उतरणार होती.

"बाबा, रिमोटचे सेल संपले असतील."

मी डायरी उघडली. मी सगळं लिहून ठेवतो, सिलिंडर कधी लावलं तेसुद्धा. मंगळवारच्या पानावर स्वच्छ अक्षरात होतं: 'बॅटरीत नवे सेल टाकले.'

"हा घे लेखी पुरावा! सेलचा प्रश्नच नाही."

मग काय? चाकं वळवणारी छोटी मोटार सोडवली. तारा पुन्हा डागल्या. अँटेना सरळ केली. तीन दिवसांत गाडीत माझं बोट गेलं नाही अशी जागा उरली नाही. झटके कायम!

शनिवारी पाणी आलं. शेजारच्या जनाकाकूंनी पाण्याची मोटार लावली आणि इकडे गाडी जागीच आचके द्यायला लागली. माझी ट्यूब पेटली. काकूंची मोटार रिमोटच्या लहरी बिघडवतेय!

काकू मूळच्या देवगाव रंगारीच्या. आवाज चार शेतं ओलांडणारा.

"काकू, पाच मिनिटं मोटार बंद करता? प्रयोग करायचाय."

"पाणी आठ दिसानं आलंय, अन् तुमाला प्रयोग सुचतोय व्हय?"

"ओवीच्या शर्यतीसाठी हो!"

"पोरीसाठी करते. पाच म्हंजी पाचच!"

पाचाची पंचवीस कधी झाली, मला कळलंच नाही. मोटार बंद, झटके चालू, आणि मी नोंदी करतोय! शेवटी काकूंनी बटण दाबलं, तर नळीतून नुसती हवा. पाणी गेलं होतं.

"आवो शास्त्रज्ञ! आता आठ दिस तुमचा प्रयोग पिऊ का?"

तेवढ्यात ओवीनं रिमोटचं झाकण उघडलं. आत गंजके सेल.

"बाबा, नवे सेल कुठल्या बॅटरीत टाकले होते?"

अरे देवा! मंगळवारी हौदात किती पाणी उरलंय ते बघायला बॅटरी घेतली होती. विजेरी हो, विजेरी! ती मिणमिणत होती. म्हणून रिमोटमधले नवे सेल काढून तिच्यात घातले, आणि तिचे अर्धमेले रिमोटमध्ये. मीच! या हातांनी!

रविवारी शर्यत सुरू झाली तेव्हा मी आमच्या हौदातून काकूंच्या घरी बादल्या वाहत होतो. ओवी धापा टाकत आली.

"बाबा, पहिली आले!"

"गाडी कुठं अडली नाही ना?"

"एकदाही नाही. तुम्ही इथं होतात ना!"

काकू दारातून म्हणाल्या, "मंग दर शर्यतीला यांना माझ्याकडंच धाडत जा गं. पिंप रिकामं करून ठेवते."